जगातले चोवीस वेंडलगास्ट

"काश्यप गोत्र, आदित्यस्वरूप... हं, पुढे नाव म्हणा," नरसिंहमूर्ती पुरोहित म्हणाले.

"योहान," मिलिंद म्हणाला, आणि त्यानं अंगठ्याच्या बाजूनं तीळ-पाणी सोडलं.

महालय अमावास्येला मैसुरात हजारो घरांत पिंड पडतात. पणजोबांच्या जागी जर्मन माणूस बसवणारं घर मात्र सरस्वतीपुरमात एकच, वेंडलगास्टांचं. गोत्र ठाऊक नसलं की काश्यप धरावं, अशी शास्त्रानं सोय करून ठेवली आहे. शास्त्रकर्त्यांच्या डोळ्यांपुढे जर्मन नसतील, पण सोय ती सोयच. बाप मालोजीराव वसुरूप, आजा तुळजाजीराव रुद्ररूप आणि पणजा योहान आदित्यरूप. योहानच्या पानात बटाट्याची भाजी डावभर जास्त वाढायची, हा नियम मात्र शास्त्रातला नव्हे. तो वेंकोजीरावांनी काढलेला.

वेंकोजीराव म्हणजे मालोजीरावांचे धाकटे भाऊ, मिलिंदचे काका. वय चौऱ्याहत्तर, दात अकरा, कहाण्या अगणित. योहाननं राजवाड्यातल्या घड्याळाला अशी काही चावी देऊन ठेवली होती की दर महालय अमावास्येला ते आपोआप पाच मिनिटं मागे पडायचं, पितरांना जेवायला जरा सवड मिळावी म्हणून; ही कहाणी त्यांनी आज सकाळीच सहाव्यांदा की सातव्यांदा सांगितली होती. पुरोहितही हसले होते.

हसली नव्हती ती एकटी अनुषा. मिलिंदची सून. स्वयंपाकघराच्या दारात ती फोन छातीशी धरून उभी होती. सकाळी सातला आलेलं पत्र तिनं चार वेळा वाचलं होतं, आणि पाचव्यांदा वाचायचं धैर्य तिला होत नव्हतं. अंगणात मिलिंद पूर्वजांची नावं घेत होता आणि प्रत्येक नावासरशी ती मनात विचारत होती. हे गेले तेव्हा किती वर्षांचे होते? आणि ते? घरात वर्षभर वावरूनही हे तिनं कधी विचारलं नव्हतं. नवऱ्याच्या घरातली मेलेली माणसं किती वर्षांची होती, हे कोणती सून विचारते?

कावळा आला, पिंडाला शिवला. पंगत उठली. पुरोहित ओसरीवरच्या खुर्चीत पान जमवत बसले. आणि तिचा नवरा जय आतून आला तो शर्यतीचा बनियन घालून, छातीवर चारशे बारा नंबरचा कागद लावून.

"कसा दिसतो?"

"काढ ते," अनुषा म्हणाली.

"अगं, उद्या सकाळी सहाला शर्यत. चामुंडी डोंगराच्या हजार पायऱ्या. पिना नीट बसतात का ते तर बघायला हवं ना?"

"जय, काढ म्हणते ना!"

तिचा आवाज इतका चढला की मिलिंदनं पेपर खाली केला, आणि झोपाळ्यावर डोळे मिटून बसलेल्या तुंगाबाईंनी, म्हणजे मिलिंदच्या आईनं, एक डोळा उघडला.

अनुषाला हे जयला एकट्याला गाठून सांगायचं होतं. पण सकाळपासून घरात एकटं असं कुणी नव्हतंच. तिनं फोन पुढे केला.

"मी ते आडनावाचं टाकलं होतं ना, जर्मनीतल्या एका वेबसाइटवर? आपली वंशावळ? त्याला उत्तर आलंय. एका बाईंचं. रिटायर टीचर आहेत. त्याही वेंडलगास्टच."

"अरे वा!" मिलिंद म्हणाला. "नातलग सापडले म्हणायचे. काय म्हणतात?"

"मामा, जरा ऐकून घ्या. मधे बोलू नका. प्लीज," ती सासऱ्यांना म्हणाली, आणि वाचू लागली. इंग्रजीतून मराठीत आणताना मधेच कन्नडचा आधार घेत, अडखळत.

बाईंनी लिहिलं होतं की हे आडनाव लावणारी माणसं त्यांच्या हिशेबानं जगात अकराच उरली होती. नऊजण त्यांच्या खोऱ्यात, दोघं ब्राझीलला. मैसुरात आणखी तेरा आहेत हे वाचून त्या रात्रभर झोपल्या नाहीत. म्हणजे जगातले चोवीस, आणि त्यातले निम्म्याहून जास्त चामुंडीच्या पायथ्याशी.

"बघ! मी म्हणत नव्हतो?" मिलिंद काकांकडे वळून म्हणाला. "हेडऑफिस इथेच आहे!"

वेंकोजीरावांनी मान डोलावली. पण अनुषा थांबली नाही.

"नाव कुठून आलं तेही लिहिलंय. पाचशे वर्षांपूर्वी तिकडे वेंडल नावाच्या माणसाची पाणचक्की होती. तिथे कुठूनसा एक परका माणूस येऊन राहिला, तो गेलाच नाही. गास्ट म्हणजे पाहुणा. वेंडलचा पाहुणा. त्या एकाच माणसाचे हे सगळे वंशज. आणि मग... त्या म्हणतात, इतकं जुनं नाव, मग माणसं एवढी थोडी का? मी चर्चची दप्तरं उघडून बघितली. आमच्याकडचे पुरुष म्हातारे होतच नाहीत. एक लाकडं फोडताना गेला. एक गवताचे भारे चढवताना. एक लग्नात नाचता नाचता. कुणी तिशीत, कुणी चाळिशीत. आजारी कुणीच नव्हतं. लोक म्हणायचे, पाहुण्याला शाप आहे, फार दिवस राहायचं नाही. योहानचे दोन भाऊ एकाच वर्षी असे गेले. दुसऱ्याला पुरल्यावर तो घर सोडून निघाला, तो कुठे गेला ते आम्हाला आजवर माहीत नव्हतं."

ओसरीवर पुरोहितांच्या अडकित्त्याचा आवाज थांबला.

"अकरा वर्षांपूर्वी त्यांचा मुलगा फुटबॉल खेळताना गेला. तेव्हा डॉक्टरांनी शोधून काढलं. हृदयाची भिंत जाड होत जाते. बाहेरून काही कळत नाही. पळताना, चढताना एकदम थांबतं. आईबापांकडून मुलांत येतं, दोघांत एकाला. शेवटी लिहिलंय..." तिनं जयकडे पाहिलं. "लिहिलंय, तुमच्या घरात कुणी धावत असेल तर त्याला आधी थांबवा, मग मला उत्तर लिहा."

जयनं नकळत छातीवरच्या कागदावर हात ठेवला. मग आपण हात कुठे ठेवलाय हे ध्यानात येऊन काढला.

"सुम्ने भीती घालतात," मिलिंद म्हणाला. सुम्ने म्हणजे उगीच. पण हे उगीच म्हणताना त्याचा आवाज उगीचच मोठा झाला होता. "इंटरनेटवर काय, काहीही येतं. मी चोपन्न वर्षांचा आहे. आहे ना बसलेला तुमच्यासमोर? काका चौऱ्याहत्तर!"

"मामा, त्या म्हणतात काहींना असूनही त्रास होत नाही. पण तुमचे वडील..."

"माझे वडील घोड्यावरून पडून गेले! हार्टनं नाही. अख्ख्या मैसूरला ठाऊक आहे. बन्नीमंटपाच्या मैदानावर, दसऱ्याच्या मशालींच्या कवायतीची तालीम चालली होती, घोडा बिथरला. काका तिथे होते, त्यांनी डोळ्यांनी बघितलंय. काका, सांगा हिला."

सगळ्यांनी वेंकोजीरावांकडे पाहिलं.

आता, ही घोड्याची कहाणी म्हणजे वेंकोजीरावांच्या दुकानातला सर्वांत उंची माल. मशालीची ठिणगी उडते, घोड्याच्या आयाळीत पडते, घोडा दोन पायांवर उभा राहतो. पहिल्या वर्षी तो पुरुषभर उंच झाला होता. गेल्या वर्षी त्याचे पुढचे खूर दिव्याच्या खांबाला लागले. दरवर्षी याच दिवशी, याच ओसरीवर, पान तोंडात टाकून ते ती सांगायचे. आज तोंडात पान होतं. कहाणी मात्र वर येईना.

त्यांनी जयकडे पाहिलं. सत्तावीस वर्षांचा, सडसडीत, मालोजीच्याच चणीचा. कालपर्यंत या साम्याचं त्यांना कौतुक वाटायचं. आता त्यांच्या मानेमागे घाम फुटला. खरं सांगावं, तर या पोराच्या मनात कायमचं भय बसणार. खोटं सांगावं, तर... पण तपासणी काय, पुढच्या आठवड्यात आपणच याला काहीतरी थाप मारून घेऊन जाऊ. हो. तसंच करू. आयुष्यभर थापांनी भागलं, अजून एकीनं काय होतंय?

"अरे, घोड्यापर्यंत जायचंच कशाला?" ते म्हणाले. आवाज छान लागला, तेव्हा त्यांनाच जरा धीर आला. "मुळात योहानचं रक्त आपल्यात आहेच कुठे?"

"आँ?" मिलिंद म्हणाला.

"मी गंमत करत आलो इतकी वर्षं. फडणीस आडनाव कशानं पडतं? फडणिशी केल्यानं. चिटणीस? चिटणिशी केल्यानं. पोतनीस, सबनीस, कारखानीस... आपल्या लोकांत काम हेच नाव. राजवाड्यात घड्याळांना चावी देण्याचं काम योहान वेंडलगास्ट करायचा. कन्नड नोकर काय म्हणायचे? वेंडलगास्ट आला, वेंडलगास्टनं चावी दिली. त्या कामालाच नाव पडलं वेंडलगास्टी! योहान वारला, त्याच्या हाताखालचा मराठा पोरगा त्या जागेवर आला. आमचे वडील, तुळजाजी. तो झाला वेंडलगास्ट. जर्मनीतली पाणचक्की अन् तिथला शाप, त्याचा आपल्याशी काय संबंध? आपण फक्त चावीवाले."

मग मिलिंद खदखदून हसला, आणि हसताना त्याला डोळे पुसावे लागले.

"काका! पन्नास वर्षं आम्हाला जर्मन म्हणून फिरवलंत! शाळेत मी मारामाऱ्या केल्यात त्यावरून!"

"ताता, खरंच?" अनुषानं विचारलं. ती आणि जय त्यांना कन्नड पद्धतीनं ताता, म्हणजे आजोबा, म्हणायचे. तिला खरं हवं होतं, आणि हेच खरं असावं असंही वाटत होतं. दोन्ही एकाच वेळी. "देवाशपथ?"

"देवाची कशाला, घड्याळाची शपथ घेतो."

थाप अशी असावी की ऐकणाऱ्याच्या घरातलीच वाटावी. जर्मन पणजोबा कुणाला खरा वाटतो? चावीवाला आजा सगळ्यांना पटतो. मिलिंदला पटला. अनुषाला पटत आला. जय तर केव्हाच मोकळा झाला होता. सुटलेली एक पीन त्यानं पुन्हा कागदात अडकवली.

"चला, सुटलो. अनु, तू उद्या पायऱ्यांच्या वाटेवरच्या नंदीपाशी पाण्याची बाटली घेऊन उभी राहा. वर गाडीनं जा, पाच वाजता निघ. शेजारच्या कार्तिकेयला सांगतो तुला सोडायला."

"जय, एकदा दाखवून तर..."

"अगं, ताता म्हणतायत ना!"

"तेच तर," अनुषा पुटपुटली. "ताता म्हणतायत."

झोपाळ्याची कडी कुरकुरली. तुंगाबाईंनी दोन्ही डोळे उघडले होते.

चाळीस वर्षांवर झाली, दर महालयाला त्या ही घोड्याची कहाणी ऐकत आल्या होत्या. दरवेळी उठून आत जावंसं वाटायचं, दरवेळी त्या बसून राहायच्या. नवरा घोड्यावरून उडाल्याचं ऐकत बसणं सोपं नसतं. पण निदान त्यात तो घोड्यावर बसलेला तरी असायचा. आज मिलिंदनं सांग म्हटल्यावरही भावोजींनी घोडा बाहेर काढला नव्हता. उपवासाच्या दिवशी पेढा पुढे केला आणि भावोजींनी नाही म्हटलं, इतकी ती अशक्य गोष्ट होती.

"भावोजी," त्या म्हणाल्या, "मग सकाळी पिंड कुणाला दिला?"

"म्हणजे?"

"तुळजाजीमामंजींच्या वर. तिसरा. चावीवाल्याच्या मालकाला आपण पिंड देतो होय?"

"गुरू होता तो वहिनी. काम शिकवणारा गुरू. गुरूला पिंड देतातच की. विचारा मूर्तींना."

सगळे पुरोहितांकडे वळले. नरसिंहमूर्ती या घरी तीस वर्षं येत होते, आणि भरल्या पोटी खोटं बोलायचा त्यांना कंटाळा होता.

"देतात अम्मा," ते सावकाश म्हणाले. "महालयात गुरूला देतात, मित्राला देतात, नोकरालासुद्धा देतात. पण तो शेवटी. वेगळा. बाप, आजा, पणजा या रांगेत परका बसत नाही. योहान रांगेत आहेत. माझ्या वडिलांच्या वहीत तसंच आहे, आणि ते वेंकोजींच्या आईनं सांगून लिहवलेलं आहे." त्यांनी अडकित्ता खाली ठेवला. "सासरा कोण होता हे सुनेला ठाऊक असणारच."

मिलिंदचं हसू अर्ध्यावर राहिलं. अनुषा जयच्या बाजूनं सरकून झोपाळ्याशी जाऊन उभी राहिली. तुंगाबाईंनी तिचा हात धरला. ओसरीवर आतापर्यंत तिघं एकीकडे आणि ती एकटी एकीकडे होती. आता ते गणित मोडलं.

"भावोजी, माझ्याकडे बघा."

वेंकोजीरावांनी बघितलं नाही.

"बन्नीमंटपाला काय झालं?"

"वहिनी, तुम्हाला ठाऊक आहे. ठिणगी उडाली..."

"आणि?"

"आणि घोडा..." त्यांचे ओठ हलले. हनुवटीवर पानाचा रस ओघळला, तो त्यांनी पुसला नाही. दिव्याचा खांब, आयाळ, खूर, सगळं सामान तिथेच होतं, नुसतं उचलून मांडायचं होतं. पण समोर तो नंबराचा कागद होता, आणि तो वरखाली होत होता, शांतपणे, एका लयीत, काळजी नसलेल्या माणसाच्या श्वासाबरोबर.

"घोडा उभाच होता," ते म्हणाले.

मग तेच पुढे बोलू लागले.

"मशाली पेटवल्याच नव्हत्या अजून. उजेड होता. तालमीची दौड संपवून सगळे येऊन रांगेत थांबले होते. मी कठड्याशी होतो. दादानं मला बघून हात वर केला. तो हात खाली आला नाही, दादाच आला. ओली गोधडी दोरीवरून सरकते तसा. घोड्यानं मान खाली घालून त्याला हुंगलं. हललासुद्धा नाही बिचारा."

"मग..." मिलिंद खुर्चीत पुढे सरकला. "मग तुम्ही आम्हाला..."

"लोक म्हणायला लागले, प्यायला होता. नुसता उभ्या घोड्यावरून कोण पडतं? दवाखान्यात पोचेपर्यंत चारजणांनी तसं म्हटलं. मी म्हटलं, घोडा बिथरला. एकदाच म्हणालो होतो मिलिंद. मग दुसऱ्यानं विचारलं, तिसऱ्यानं विचारलं. तू विचारलंस, बारा वर्षांचा होतास. तुला बरं वाटावं म्हणून घोडा जरा उंच केला."

"आणि मी त्या जनावराला शाप देत राहिले," तुंगाबाई म्हणाल्या. "रोज. दिवा लावताना."

"वहिनी..."

"तुम्ही बोलू नका आता."

त्या रडल्या नाहीत. अनुषाच्या हाताला आधार देत, की तिचा आधार घेत, त्या झोपाळ्यावरून उठल्या आणि मिलिंदच्या खुर्चीपाशी जाऊन थांबल्या.

"तुमचे वडील कसे गेले हो, भावोजी? तुळजाजीमामंजी?"

"आंब्याच्या झाडावरून..." ते सवयीनं म्हणाले. मग म्हणाले, "झाडाखाली सापडले. चढताना कुणी बघितलं नव्हतं. चव्वेचाळीस."

"आणि हे छत्तीस," तुंगाबाई म्हणाल्या.

जय भिंतीला टेकला होता. आता त्याच्या छातीवरचा कागद भरभर हलत होता. "हे बघा," तो म्हणाला, "मला काही नाहीये. मी रोज आठ किलोमीटर पळतो. काही असतं तर कळलं असतं ना? आजोबांना तरी आधी काहीतरी कळलं असेल. आजी, कळलं होतं? काही म्हणायचे ते?"

त्यानं होकाराची वाट पाहिली. सगळ्यांनीच पाहिली. पुरोहितांनीसुद्धा.

"कधी काही नाही," तुंगाबाई म्हणाल्या. "दुखलं खुपलं म्हणून माणूस कधी बोललं नाही. लग्नानंतर दर आषाढात शुक्रवारी आम्ही पायऱ्या चढायचो, चामुंडीला. मी प्रत्येक पायरीला हळद-कुंकू लावत जायची, तरी यांच्या पुढे निघून जायची. मी म्हणायची, घोडेस्वार ना तुम्ही? नंदीच्या अलीकडे मात्र ते थांबायचेच. प्रत्येक वेळी. कठड्याला धरून, पाठमोरे. मी विचारलं की म्हणायचे, काही नाही गं, शहर बघतोय."

बाहेर पिंडाच्या पानावर दुसरा कावळा उतरला होता. मिलिंद आईचं बोट धरून बसला होता, लहान मुलासारखा.

अनुषानं जयकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग ओठांपासून उतरायला लागला होता. त्याची बोटं छातीवरच्या कागदाची पीन शोधत होती आणि ती त्यांना सापडत नव्हती.

"आजी," तो म्हणाला, "नंदीच्या अलीकडे मीही शहर बघतो."